तबकडीची झोंप

मुरबाड तालुक्यांतील वैशाखरे गांवावरून नाणेघाटाची वाट चढून गेलें, म्हणजे माथ्याजवळच्या लेण्यांत सातवाहनांच्या काळचा ब्राह्मी लेख पाहावयास मिळतो. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं झालेल्या यज्ञांची व दानांची नोंद त्या दगडावर आहे. अक्षरें झिजलीं, कांहीं अजिबात गळलीं. तथापि लेख मुका झालेला नाहीं. त्याच घाटाच्या पायथ्याकडील एका खेड्यांत, आमच्या थोरल्या बंधूंच्या घरीं, दूरचित्रवाणीचे कार्यक्रम टिपून ठेवणारा सेट-टॉप बॉक्स होता. त्याची स्मृति चार वर्षें टिकली. ही दुसरी नोंद इतक्या लवकर कां बुजली, याचा थोडा विचार आम्हांस येथें करावयाचा आहे.

मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. त्या लहरी सरळ रेषेंत जाणाऱ्या. त्यामुळें डोंगराच्या आडोशास असलेल्या गांवांत बांबूवर एरियल बांधून व तो फिरवीत बसून, मुंग्या आलेलें चित्र पाहावें लागे. दिसलें तें दिसलें, गेलें तें गेलें. १९८७ सालीं रविवारीं सकाळीं ‘रामायण’ लागूं लागलें, तेव्हां ज्या घरीं संच असे तेथें सारी आळी जमे. आणि ऐन वेळीं वीज गेली तर तो भाग कायमचा अंतरला असें समजून लोक हळहळत घरीं परतत. त्याच दशकांत व्हिडिओ कॅसेट आली. तिची फीत झिजे, पावसाळ्यांत तिला बुरशी चढे, यंत्रांत ती अडके. परंतु तिच्या अंगीं एक मोठा गुण होता. ती हातांत धरतां येई. पाठीवर नांव लिहून कपाटांत ठेवतां येई, आणि आपला व्हीसीआर बिघडला तर शेजाऱ्याच्या व्हीसीआरवर लावतां येई. यंत्र गेलें तरी नोंद जात नसे.

हार्ड डिस्कच्या तबकडीनें ही व्यवस्था मोडली. आयबीएम कंपनीनें १९५६ सालीं आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्कमध्यें २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, आणि साऱ्या मिळून त्यांत सुमारें ५० लक्ष अक्षरें मावत. पुढें तबकडी लहान होत गेली, धारणाशक्ति वाढत गेली, आणि १९९९ सालीं टिवो व रिप्लेटीव्ही हे घरगुती रेकॉर्डर अमेरिकेंत निघाले. आपल्याकडे टाटा स्काय प्लस २००८ सालीं आला. चालू कार्यक्रम मध्येंच थांबवावा, आल्यागेल्यास चहापाणी करावें, आणि पुन्हां तेथूनच पुढें पाहावा, ही गोष्ट लोकांस जादूसारखी वाटली.

या जादूची किंमत तबकडी भरीत असे. मागें जातां यावें म्हणून असा डबा, कोणी पाहो वा न पाहो, समोरचा कार्यक्रम अखंड लिहून घेतो व जुना पुसतो. तबकडी मिनिटास साधारण ५,४०० फेरे घेते, म्हणजे दिवसाचे ७७ लक्ष ७६ हजार. लिहिणारें-वाचणारें टोंक तिला स्पर्श करीत नाहीं. तिच्या वेगानें उत्पन्न होणाऱ्या हवेच्या थरावर तें तरंगतें, आणि दोहोंमधील अंतर अवघें कांहीं नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या हजारों पटींनीं लहान, असतें.

मग तबकडीस निजवावें कीं जागती ठेवावी? निजवावें म्हणणारांचा पक्ष असा, कीं फिरण्यानें बेअरिंग झिजतें, डबा तापतो आणि वीज जळते. पुष्कळ डब्यांत स्टँडबाय म्हणजे केवळ पुढचा दिवा बदलणें असे. आंत तबकडी फिरतच राही. अमेरिकेंतील एनआरडीसी या संस्थेनें २०११ सालीं दाखवून दिलें कीं, तेथील सेट-टॉप बॉक्सांनीं २०१० सालीं सुमारें २,७०० कोटी युनिट वीज खाल्ली, आणि तिचा दोनतृतीयांश भाग कोणी पाहत नसतांना गेला. उलट पक्ष म्हणतो कीं, प्रत्येक निजणें-उठणें हीहि झीजच. जुन्या रचनेंत टोंक तबकडीच्याच एका पट्ट्यावर उतरे, आणि अशा ५० हजार उतरणींची हमी साधारणतः दिली जाई. नव्या रचनेंत तें बाजूच्या उतारावर चढून बसूं लागलें, आणि आंकडा ३ ते ६ लाखांवर गेला. दोन्ही पक्षांचा निकाल साध्या त्रैराशिकानें लागतो. दिवसांतून चार वेळां निजविली, तर जुनी तबकडीदेखील या हिशेबानें सुमारें ३४ वर्षें पुरावी. दर पांच मिनिटांनीं निजवून उठविली, तर तोच सांठा सहा महिन्यांत संपावा. झोंप वाईट नव्हे. वारंवार मोडणारी झोंप वाईट.

परंतु हा वाद शहरांतल्या घरांचा झाला. शहापूर-मुरबाडकडे झोंपेची वेळ ठरविणारा तिसराच होता. २००५ नंतर महाराष्ट्रांत भारनियमनाचीं जीं वर्षें आलीं, त्यांतून मुंबई शहर बहुतांशीं वगळलेलें राहिलें. ज्या शहापूर तालुक्यांतून तानसा १८९२ पासून व मागाहून भातसा मुंबईची तहान भागवीत आलीं, तेथें मात्र दिवा तासन्‌तास नसे. रिमोटनें निजविलेली तबकडी आधीं टोंक जागेवर ठेवते, मग थांबते. वीज एकाएकीं गेली तर तिला तेवढी उसंत मिळत नाहीं. उरल्या वेगांतूनच क्षणभर वीज उत्पन्न करून टोंक घाईनें मागें ओढावें लागतें. युक्ति चतुर आहे, पण अशा माघारींची हमी नेहमींच्या हमीच्या लहानशा अंशाइतकीच असते. लिहितां लिहितां मध्येंच तुटलेली नोंद बिघडते, ती निराळीच.

म्हसा येथील यात्रेवर २००९ सालीं एका वाहिनीनें कार्यक्रम दाखविला. त्यांत आमचे वडील बैलबाजाराविषयीं मिनिटभर बोलले होते, आणि बंधूंनीं तो भाग डब्यांत टिपून ठेविला होता. वडील २०११ सालीं वारले. त्यानंतर आम्ही घरीं गेलों कीं, रात्रीं जेवणें झाल्यावर आई तो भाग लावावयास सांगे. २०१३ च्या पावसाळ्यांत, दिवसांतून पांचसहा वेळां वीज येत-जात असतां, डब्यांतून टकटक ऐकूं येऊं लागलें. बंधू फोनवर म्हणाले, “अरे, दिवा लागतो, पण आंत कोणी नाहीं.” शहापूरच्या एका दुरुस्तीवाल्यानें पाहून सांगितलें कीं, नोंद त्या एकाच डब्याच्या किल्लीनें कुलूपबंद आहे, तबकडी थोडीफार वाचली तरी दुसऱ्या यंत्रावर ती उघडावयाची नाहीं. नवा डबा आला. आईनें आम्हांस दोष दिला नाहीं. फक्त तो भाग लावा असें ती म्हणेनाशी झाली.

त्या वेळीं आम्हीं सारा दोष विजेस दिला. पण गूगलच्या अभ्यासकांनीं २००७ सालीं आपल्या १ लाखाहून अधिक तबकड्यांचा जो हिशेब प्रसिद्ध केला होता, तो मागाहून वाचण्यांत आला. फार राबणें आणि लवकर मरणें यांचा संबंध समजुतीपेक्षां पुष्कळ सैल निघाला होता, आणि निम्म्याहून अधिक तबकड्या मुख्य धोक्याच्या खुणांपैकीं एकहि न दाखवितां गेल्या होत्या. सबब, झोंपेची वेळ अर्ध्या तासाहून कमी ठेवूं नये, भारनियमनाच्या आधीं डबा रिमोटनें बंद करावा, साधल्यास इन्व्हर्टर लावावा, हे सारे उपाय योग्य आहेत. परंतु त्यांनीं आयुष्य वाढेल, अमरत्व येणार नाहीं.

नाणेघाटाचा लेखहि केवळ दगडाच्या भरंवशावर उरलेला नाहीं. एकोणिसाव्या शतकांत पंडित भगवानलाल इंद्रजी व पुढें ब्यूलर यांनीं त्याचें वाचन छापून ठेविलें. उद्यां कडा कोसळला तरी मजकूर राहील. मूळ साधन एकच असेल तर आधीं त्याची नक्कल करा, हें आम्ही वर्गांत दरसाल सांगतों. वडिलांचें तें मिनिट पडद्यासमोर साधा मोबाइल धरून उतरून घेतां आलें असतें. दोन वर्षें आम्ही तें पाहत बसलों, आणि उतरून मात्र घेतलें नाहीं.