पानातील औषध

मुंबईच्या परळ भागात एक जुनी, भव्य वास्तू आहे. एके काळी तेथे मुंबई इलाख्याचे गव्हर्नर राहत असत. १८९६ साली शहरात प्लेगची साथ उसळली आणि तिच्यावरील लस वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईतच तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. पुढे १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा या वास्तूत आली आणि १९२५ पासून ती संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. रोग म्हणजे बाहेरून शरीरात शिरणारा शत्रू. त्याला ओळखावे, अडवावे आणि मारावे, या विचारावर ही संस्था उभी होती. परंतु १९२८ साली याच संस्थेत एका अगदी उलट प्रकारच्या रोगाचा शोध सुरू झाला. या रोगात बाहेरून शिरणारे असे काही नव्हते. जे शरीरात जावयास हवे होते, तेच जात नव्हते. आज औषधांच्या दुकानांत जीवनसत्त्वांच्या रंगीबेरंगी बाटल्या ओळीने मांडलेल्या दिसतात. त्यांतील एका अगदी लहान गोळीचा वंशवृक्ष थेट या परळपर्यंत येऊन पोहोचतो, हे फारच थोड्यांना ठाऊक असेल.

त्या काळचे परळ म्हणजे गिरण्यांचे परळ. पहाटेच्या भोंग्याबरोबर चाळी रिकाम्या होत आणि कोकणातून व देशावरून आलेली कुटुंबे पोटामागे धावू लागत. सूत गुंडाळण्याच्या खात्यांत स्त्रियाही मोठ्या संख्येने काम करीत. दिवस भरत आले तरी काम सुटत नसे. कारण काम सुटले की मजुरी सुटे. मुंबई इलाख्याने कामगार स्त्रियांसाठी प्रसूती-साहाय्याचा कायदा केला तो १९२९ साली, आणि हिंदुस्थानातील त्या प्रकारचा तो पहिलाच कायदा होता. यावरून त्यापूर्वीची स्थिती कळावी.

शहरातील गरीब गर्भवती स्त्रियांमध्ये एक भयंकर पंडुरोग आढळत असे. चेहरा पांढराफटक पडावा, पायांवर सूज यावी, जिना चढता चढता धाप लागावी, अन्नावरची वासना उडावी, आणि शेवटी कित्येकदा मातेने मुलासह किंवा मुलामागोमाग प्राण सोडावा, असा हा रोग होता. सूक्ष्मदर्शकाखाली अशा स्त्रीचे रक्त पाहिले असता तांबड्या पेशी संख्येने फार थोड्या, परंतु आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या दिसत. लोह कमी पडल्याने होणाऱ्या पंडुरोगात पेशी लहान व फिकट असतात. तेव्हा हा रोग तो नव्हे, एवढे उघड होते.

या रोगाचा छडा लावण्यासाठी ज्या विदुषी मुंबईस आल्या, त्यांचे नाव ल्यूसी विल्स. इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळ १८८८ साली त्यांचा जन्म झाला. केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात त्यांनी वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र यांचा अभ्यास केला, आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात दक्षिण आफ्रिकेत रुग्णसेवा केल्यानंतर त्या वैद्यकाकडे वळल्या. १९२० साली लंडनमधील स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयातून त्या डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. हिंदुस्थानातील मातांच्या मृत्यूंची चौकशी डॉ. मार्गारेट बालफोर या करीत होत्या. त्यांच्या निमंत्रणावरून विल्स १९२८ साली हाफकिन संस्थेत दाखल झाल्या. त्या वेळी त्यांचे वय चाळीस वर्षांचे होते.

त्या वेळी वैद्यकशास्त्राच्या हाती दोन धागे होते. पहिला धागा जीवनसत्त्वांचा. आहारातील काही द्रव्ये अत्यल्प प्रमाणात लागतात, परंतु ती न मिळाल्यास माणूस आजारी पडतो, ही कल्पना बेरीबेरी, स्कर्व्ही अशा रोगांच्या अभ्यासातून रुजली होती. १९१२ साली कॅसिमिर फंक यांनी अशा द्रव्यांस ‘व्हिटॅमिन’ हे नाव दिले होते. दुसरा धागा यकृताचा. १९२६ साली अमेरिकेत मायनो व मर्फी या डॉक्टरांनी ज्या घातक पंडुरोगावर पूर्वी उपायच नव्हता, तो रोज पुष्कळसे यकृत खाऊ घातल्याने आटोक्यात येतो, असे दाखविले होते. मुंबईच्या स्त्रियांचा रोग रक्ताच्या रूपावरून या घातक पंडुरोगासारखाच दिसे. परंतु त्यात एक ठळक भेद होता. घातक पंडुरोगाच्या रोग्याच्या जठरात आम्ल तयार होत नाही. या स्त्रियांच्या जठरात ते होत असे. रूप तेच, पण मूळ निराळे असावे, अशी शंका विल्स यांना आली.

त्यांनी प्रथम रोग्यांची ताटे तपासली. तळपदे यांच्या सहकार्याने त्यांनी मुंबईतील निरनिराळ्या थरांतील स्त्रियांचा आहार व राहणी यांची पाहणी केली. जेथे आहार सर्वांत निकृष्ट, तेथेच हा पंडुरोग सर्वांत अधिक, असे त्या पाहणीत दिसून आले. गरीब मुसलमान स्त्रियांची स्थिती या दोन्ही बाबतींत सर्वांहून वाईट होती. धर्म, वंश किंवा हवा यांपेक्षा ताटातील अन्नाशी रोगाचा संबंध अधिक जवळचा होता.

पुढचे पाऊल मात्र अडखळत पडले. विल्स यांनी असाच निकृष्ट आहार उंदरांना दिला. उंदरांना पंडुरोग झाला, आणि आहारात यीस्ट मिसळल्यावर तो टळला. सिद्धांत सिद्ध झाला, असे कोणासही वाटले असते. परंतु अधिक तपास करता असे आढळले की, त्या उंदरांच्या अंगावरील उवांमुळे त्यांना एका जंतूचा संसर्ग झाला होता आणि त्यांच्या पंडुरोगात त्या जंतूचा हात होता. हाती आलेला पुरावा असा निसटल्यावर विल्स यांनी तो ओढूनताणून वापरला नाही. त्यांनी माकडांवर नव्याने प्रयोग आरंभले. निकृष्ट आहारावर ठेवलेल्या माकडांना गर्भिणींच्या रोगासारखाच, मोठ्या पेशींचा पंडुरोग झाला, आणि यीस्टचा अर्क देताच ती सुधारू लागली.

हा अर्क म्हणजे प्रयोगशाळेत घडविलेले एखादे दुर्मीळ रसायन नव्हते. बिअर तयार केल्यावर पिंपांच्या तळाशी जे यीस्ट उरते, त्यापासून इंग्लंडात ‘मार्माइट’ नावाचा एक काळसर, खारट, चिकट पदार्थ १९०२ सालापासून तयार होत असे. लोक तो पावाला लावून खात. हाच पदार्थ रोगी स्त्रियांना दिला असता त्यांची भूक थोड्याच दिवसांत परत येई, चेहऱ्यावर तजेला येई आणि रक्तातील नव्या तांबड्या पेशींची संख्या भराभर वाढू लागे. मुंबईप्रमाणेच मद्रासच्या ‘कास्ट अँड गोशा’ रुग्णालयातही विल्स यांनी काम केले, आणि जून १९३१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. हिंदुस्थानात या उपायाचे एक विशेष महत्त्व होते. यकृत महाग, आणि शाकाहारी घरांतील स्त्रीला तर ते मरणाच्या दारीही वर्ज्य. यीस्टचा अर्क स्वस्त होता आणि तो घेण्यास कोणाच्या आचाराची आडकाठी नव्हती.

पण त्या अर्कातील गुणकारी द्रव्य कोणते? १९३७ साली विल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक दुवा जोडला. यकृताचा अतिशय शुद्ध केलेला अर्क घातक पंडुरोगावर चालतो, परंतु या दुसऱ्या पंडुरोगावर चालत नाही. याउलट कच्चा, अशुद्ध अर्क दोहोंवर चालतो. म्हणजे शुद्धीकरणात काहीतरी गळून जात होते, आणि तेच द्रव्य यीस्टमध्ये होते. त्या अनाम द्रव्यास ‘विल्स फॅक्टर’ हे नाव पडले. १९४१ साली टेक्सस विश्वविद्यालयात मिचेल, स्नेल व विल्यम्स यांनी सुमारे चार टन पालक आटवून त्यातून एका आम्लाचा अल्पसा अंश वेगळा केला. लॅटिन भाषेत पानाला ‘फोलियम’ म्हणतात. त्यावरून त्यांनी त्यास ‘फोलिक आम्ल’ म्हटले. मराठीत झाडाचेही पान आणि जेवावयास वाढतात तेही पान. या औषधाचे नाव मराठीत ठेवावयाचे असते, तर दोन्ही अर्थ एकाच शब्दात साधले असते.

या आम्लाची रचना ओळखून ते कृत्रिम रीतीने बनविण्याचे काम १९४५–४६ च्या सुमारास अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत पुरे झाले. तेथील संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातील भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. स्प्रू नावाच्या रोगात खाल्लेले अन्न अंगी लागत नाही आणि रक्त आटते. हा रोग सुब्बाराव यांच्या घरात मृत्यू घेऊन आला होता आणि तरुणपणी ते स्वतःही त्याने ग्रासले होते. फोलिक आम्ल या रोगावरही उपयोगी ठरले. परळमध्ये सुरू झालेल्या कथेत एका भारतीय शास्त्रज्ञाने असा मोलाचा दुवा जोडावा, हा योग विलक्षण म्हणावा लागेल. १९४८ साली, त्रेपन्नाव्या वर्षी, सुब्बाराव निवर्तले.

या द्रव्याचे शरीरातील कार्य पुढे स्पष्ट झाले. प्रत्येक पेशी दुभंगताना तिच्यातील आनुवंशिक द्रव्याची नवी प्रत तयार व्हावी लागते, आणि त्यासाठी फोलिक आम्ल लागते. ते नसेल तर पेशी वाढते, परंतु वेळेवर दुभंगत नाही. म्हणूनच रक्तात थोड्या आणि मोठ्या पेशी दिसतात. गर्भारपणात एका जिवात दुसरा जीव घडत असतो. त्यामुळे ही गरज त्या काळात सर्वांत अधिक वाढते आणि उणीवही त्याच काळात उघडी पडते.

सुधारणेबरोबर सावधगिरीचा धडाही मिळाला. १९४८ साली ब-१२ हे जीवनसत्त्व हाती आले, आणि घातक पंडुरोगात खरी उणीव त्याचीच असते हे कळून आले. अशा रोग्यास नुसते फोलिक आम्ल दिले तर रक्त सुधारते, परंतु मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालूच राहते. रक्ताचा अहवाल समाधानकारक आणि पाय मात्र बधिर, अशी फसगत होते. आपल्याकडील शाकाहारी घरांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ब-१२ हे पालेभाज्यांत किंवा कडधान्यांत नसते. शाकाहाऱ्यास ते मुख्यतः दूध, दही, ताक यांतून मिळते. एकाच्या जागी दुसरे चालत नाही. आपल्याच मनाने गोळ्या घेणाऱ्यास कोणती उणीव आहे हे ठाऊक नसते.

कथेचा पुढचा अध्याय १९६५ साली उघडला. गर्भाच्या पाठीचा कणा नीट न मिटण्याचा जो जन्मदोष आहे, त्याचा मातेच्या फोलिक आम्लाशी संबंध असावा, अशी शंका इंग्लंडातील हिबर्ड व स्मिथेल्स या डॉक्टरांनी मांडली. तिचा निर्णय लागावयास सव्वीस वर्षे जावी लागली. सात देशांतील ३३ केंद्रांत झालेल्या चाचणीचा निकाल १९९१ साली जाहीर झाला. ज्या मातांना पूर्वी असे मूल झाले होते, त्यांना गर्भधारणेच्या आधीपासून फोलिक आम्ल दिल्यास हा दोष पुन्हा उद्भवण्याचा संभव ७२ टक्क्यांनी घटतो, असे तीत दिसले. पुढच्याच वर्षी हंगेरीतील चाचणीने पहिल्या अपत्याच्या बाबतीतही लाभ दाखविला. गर्भाचा मज्जारज्जू गर्भधारणेपासून सुमारे २८ दिवसांतच मिटतो. म्हणजे बहुधा घरात गोड बातमी कळण्याच्या आधीच. म्हणून गर्भधारणेची इच्छा धरल्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल घ्यावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. अमेरिकेने १९९८ पासून पिठातच ते मिसळणे सक्तीचे केले. येथे गोळी ही आहाराची केवळ मदतनीस राहत नाही. वेळ साधणारी रखवालदार होते.

भारतात गर्भवतींना लोह व फोलिक आम्ल यांच्या गोळ्या देण्याची सरकारी योजना १९७० साली सुरू झाली. तरीही २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गर्भवतींपैकी ५२ टक्के स्त्रिया पंडुरोगी आढळल्या. त्यांत लोहाची उणीव हे मोठे कारण आहे. पण गोळी निघाली म्हणजे रोग हटला, असे होत नाही, हेच त्यावरून दिसते. गोळी घरात येते आणि फडताळात पडून राहते. मळमळ होते म्हणून ती टाळली जाते. चहाबरोबर घेतली तर तिच्यातील लोह पुरते अंगी लागत नाही. आणि घरातील सर्वांची पाने झाल्यावर उरले-सुरले आपल्या पानात घेणारी गृहिणी ज्या घरात आहे, तेथे उणीव रोजच्या रोज नव्याने तयार होत असते.

वास्तविक मेथी, पालक, चाकवत, माठ यांसारख्या पालेभाज्या, मूग, मटकी, हरभरा ही कडधान्ये, भुईमुगाचे दाणे, यांत हे द्रव्य निसर्गाने ठेवलेले आहे. मात्र ते फार वेळ शिजविल्याने नाश पावते आणि पाण्यात उतरते. भाजी चिरून मग धुणे आणि उकडून पाणी ओतून देणे, या दोन सवयींनी पैसे देऊन आणलेले औषध मोरीत जाते. भाजी आधी धुवावी, मग चिरावी, बेताने शिजवावी आणि तिचे पाणी आमटीत घालावे, एवढ्या साध्या गोष्टी बिनखर्चाने करता येतात.

ल्यूसी विल्स १९६४ साली निवर्तल्या. रोगी स्त्रियांना बरे करणारे द्रव्य कोणते, हे ठाऊक नसतानाच त्यांनी ते रोग्यांच्या मुखी घातले होते. पूरक औषधांचा मान आणि त्यांची मर्यादा, दोन्ही त्यांच्या कामातून कळतात. चमचाभर अर्काने मरणोन्मुख माता उठून बसली, हे खरे. परंतु तिच्यावर ती पाळी तिच्या पानातील अन्नाने आणली होती, हेही तितकेच खरे. विल्स यांनी तपासाला आरंभ केला तो रोग्याच्या ताटापासून. सुशिक्षित घरानेही नवी बाटली आणण्यापूर्वी, घरात सर्वांत शेवटी जेवावयास बसणाऱ्या व्यक्तीच्या पानात काय उरले आहे, हे एकदा पाहावे.