लोड केस म्हणजे काय? इमारतीचं डिझाइन करताना भार वेगवेगळे का ठेवतात?

इमारतीवर सगळे भार एकाच वेळी पूर्ण जोराने येत नाहीत. म्हणून ईटॅब्स किंवा स्टॅड प्रोसारख्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक भाराचा वेगळा कप्पा करतात. हीच लोड केस. स्लॅब, बीम, भिंतींचं वजन म्हणजे डेड लोड. माणसं आणि सामान म्हणजे लाइव्ह लोड. घरातल्या खोल्यांसाठी आयएस 875 नुसार तो दर चौरस मीटरला साधारण 200 किलो धरतात. शिवाय वारा आणि भूकंप.

मग या केसेसच्या जोड्या लावायच्या. आयएस 456 नुसार डेड आणि लाइव्ह लोड 1.5 पट, सोबत भूकंप असेल तर तिन्ही 1.2 पट. वारा आणि भूकंप मात्र एकत्र धरत नाहीत.

एका जोडीत डेड लोड चक्क कमी करून 0.9 पट घेतात. विचित्र वाटतं ना? पण आडवा धक्का बसतो तेव्हा इमारतीचं स्वतःचं वजनच तिला जमिनीवर रोखून धरतं. ते जास्त धरलं, तर पाया एका बाजूने उचलला जाण्याचा धोका दिसतच नाही.

नेहमीची चूक वेगळीच असते. ईटॅब्समध्ये 'सेल्फ वेट मल्टिप्लायर' फक्त डेड लोडला 1 हवा, बाकी सगळीकडे 0. लाइव्ह लोडलाही 1 राहिला, तर इमारतीचं वजन दोनदा मोजलं जातं. डेडलाही 0 पडला, तर ते मोजलंच जात नाही! आकडा नियमात बसतो, त्यामुळे अ‍ॅनालिसिस बिनबोभाट पूर्ण होतं. म्हणून प्रत्येक केसची पायावरची एकूण रिअ‍ॅक्शन बघून ती हाताने काढलेल्या वजनाशी ताडतात.