अर्धी प्रार्थना शेजाऱ्यांची

गिरगाव, दादर, माझगावच्या जुन्या गल्ल्यांत नाक्यावरचे दगडी क्रूस बघितलेत ना? त्यातल्या कित्येकांना आजही 'प्लेगचे क्रूस' म्हणतात.

सप्टेंबर १८९६. मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत जवळपास निम्मे लोक मुंबई सोडून पळाले. मागे राहिलेल्यांच्या घरांच्या झडत्या सुरू झाल्या. आजारी माणूस सापडला की उचलून इस्पितळात; परत येईल याचा भरवसा नाही. २९ ऑक्टोबरला तर गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. रोगाइतकीच भीती घरच्या माणसापासून तुटण्याची होती.

त्या काळात ईस्ट इंडियन मंडळींनी, म्हणजे इथल्याच मराठी बोलणाऱ्या कॅथलिकांनी, वाड्यावाड्यांत क्रूस उभारले. कुणी राखण कर म्हणून, कुणी वाचलो म्हणून. तिथे जमून रोझरी म्हणायची. रोझरीची रीतच अशी, की अर्धी प्रार्थना एकाने म्हणायची आणि उरलेली बाकीच्यांनी पुरी करायची. दुःखाने एखाद्याचा आवाज फुटला नाही, तरी प्रार्थना अडत नाही.

त्याच दशकात, १८९३ पासून, गिरगावातच केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणपती बसू लागला होता. देव वेगळे, पण दोन्हीकडे माणसं उंबरठा ओलांडून चौकात आली.

पवित्र क्रूसाचा ३ मेचा सण रोमने १९६० साली सार्वत्रिक दिनदर्शिकेतून काढला. आता तो १४ सप्टेंबरला असतो. पण आपल्या वाड्यांनी मे महिना सोडला नाही. आजही क्रूसाला फुलांच्या माळा चढतात, रोझरी होते, नंतर उकडलेले चणे वाटतात. मी ख्रिस्ती नाही, तरी जातो. आई गेली त्या वर्षी शेजारच्या आंटीने तिथे तिचं नाव घेतलं. मला काही बोलवेना. बाकीच्यांनी पुरं केलं.

खोताच्या वाडीत एकेकाळी साठेक घरं होती, आज निम्मीही उरलेली नाहीत. टॉवर उभा राहताना दगडी क्रूसाला कोपरा मिळेलही. पण वाडीतली माणसं वसई-विरारला पांगली, तर उरलेली अर्धी प्रार्थना म्हणणार कोण? वारसा जपायचा म्हणताना आपण दगड मोजतो. शेजारही मोजायला हवा.

तुमच्या गल्लीत असा क्रूस असेल, तर मे महिन्यात संध्याकाळी जरा थांबा. चणे तुम्हालाही मिळतील.