अक्षर, आकृती आणि संकेत : संगणकाच्या पहिल्या पाठाचा मराठी इतिहास

‘संगणक-साक्षरता’ हा शब्द मराठीत आता इतका रुळला आहे की त्यातील ‘अक्षर’ या घटकाकडे आपले सहसा लक्ष जात नाही. संगणकाचा समाजावरील परिणाम म्हटले की चर्चा रोजगार, कार्यक्षमता, माहितीचा वेग या अंगांनी जाते. आपल्याकडे तिची सुरुवातही तशीच झाली. १९६०च्या दशकात आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचारी संघटनांनी संगणकाला विरोध केला तो नोकऱ्या जाण्याच्या भीतीपोटी. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील स्वयंचलन समितीचा अहवाल १९७२ साली आला, त्याचाही रोख प्रामुख्याने श्रम आणि रोजगार यांवरच होता. ही चर्चा आवश्यकच होती. परंतु मराठीपुरते पाहिल्यास संगणकाने आणखी एक प्रश्न उभा केला होता, आणि तो साहित्याच्या अभ्यासकांनी विचारावयास हवा होता : अक्षर म्हणजे काय? उच्चारलेला ध्वनी की कागदावर उमटलेली आकृती? या प्रश्नाला एकाच काळात दोन परस्परविरोधी उत्तरे दिली गेली आणि मराठी समाजाने संगणकाच्या पहिल्या पाठात त्यांपैकी उणे उत्तर आत्मसात केले, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

छापखान्याच्या काळात हा प्रश्न उद्भवण्याचे कारण नव्हते. खिळा ही वस्तूच मुळी आकृती होती. ‘कि’ उच्चारताना ‘क’ आधी येतो आणि ‘इ’ नंतर. पण पानावर ऱ्हस्व वेलांटी आधी बसते. ‘सूर्य’ या शब्दातला ‘र्’ उच्चारात ‘य’च्या आधी, पण रफार ‘य’च्या डोक्यावर. जुळाऱ्याला पानावरचा क्रम पुरेसा होता. उच्चाराचा क्रम वाचकाने मनातल्या मनात लावायचा. मराठी टंकलेखनयंत्रानेही हेच धोरण पुढे चालविले. तेथे तर वेलांटीची कळ आधी दाबणे हा नियमच होता. (छपाईच्या सोयीपुढे एक अख्खी लिपी मागे पडली, हेही येथे आठवावे. विल्यम कॅरीचा मराठी कोश १८१० साली श्रीरामपूरला मोडीच्या खिळ्यांत छापला गेला होता. पुढे ग्रंथव्यवहार बालबोधीचा झाला आणि मोडी दप्तरात उरली.)

या परंपरेला पहिला तात्त्विक छेद दिला तो आयआयटी कानपूर येथे १९७० आणि १९८०च्या दशकांत झालेल्या कामाने. ते काम पुढे १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅककडे आले. त्यातून सिद्ध झालेली ‘इस्की’ ही संकेतप्रणाली १९९१ साली भारतीय मानक म्हणून स्वीकृत झाली. तिचे मूलतत्त्व असे की यंत्राच्या स्मृतीत साठवायचा तो वर्ण, त्याचे रूप नव्हे. ‘कि’ साठवताना आधी ‘क’, मग वेलांटी. जोडाक्षर स्वतंत्रपणे साठवायचेच नाही. व्यंजन, हलन्त, व्यंजन अशी साखळी ठेवायची आणि पडद्यावर दाखविताना यंत्राने तिचे जोडाक्षर करायचे. वर्णांचा हा क्रम भारतीय लिपींना समान असल्याने देवनागरी, गुजराती, बंगाली, कन्नड या सर्वांना एकच संकेतमाला पुरली. कंठ्य-तालव्यादी वर्गांत वर्णमाला बसविणाऱ्या प्राचीन ध्वनिविचाराचा एवढा व्यावहारिक उपयोग क्वचितच झाला असेल. ‘इन्स्क्रिप्ट’ या कळफलकावरही डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजने अशी मांडणी आहे. ज्याला वर्णमाला येते त्याला ती तर्काने सापडते.

परंतु समाजात पसरले ते हे उत्तर नव्हे. १९९०च्या दशकात गल्लोगल्ली निघालेल्या डीटीपी केंद्रांतून मराठी आली ती ‘फॉन्ट’ म्हणून. येथे युक्ती निराळी होती. रोमन अक्षरांसाठी आणि चिन्हांसाठी राखलेल्या जागांवर अर्धा ‘क’, काना, वेलांटी, रफार अशा देवनागरीच्या तुकड्यांची चित्रे बसवायची. यंत्राच्या लेखी मजकूर रोमन अक्षरांचाच. त्यावर देवनागरीचा पेहराव. म्हणजे खिळ्यांचीच पेटी पुन्हा, फक्त शिशाविना. छपाईची गरज त्यातून उत्तम भागली आणि पुस्तके स्वस्त, सुबक झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र प्रत्येक कंपनीच्या पेटीतील घरे वेगळी. एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्यात नेला की त्याची चिन्हावळ होई. शब्द शोधता येत नसे, अकारविल्हे लावता येत नसे. ज्या यंत्राचे मराठी नाव ‘संगणक’, त्याला मराठी शब्द मोजताही येत नव्हते.

मी पाहिलेला पहिला संगणकवर्ग याच काळातला. शिक्षक पहिल्या दिवशी सांगत, ‘संगणकाला इंग्रजीच कळते, मराठी हवी असेल तर फॉन्ट बदला.’ त्यांनी वापरलेल्या साधनांपुरते हे विधान खरे होते, आणि म्हणूनच ते अधिक घातक ठरले. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे प्राथमिक संगणकशिक्षण खेडोपाडी पोचले, तोवर ही समजूत घट्ट झालेली होती. पुढे भ्रमणध्वनीवरील संदेशांत लोक रोमन लिपीत मराठी लिहू लागले. त्यात इंग्रजीचे वेड पाहणाऱ्या टीकाकारांनी हा पहिला पाठ ध्यानात घेतलेला नाही. यंत्रावर मराठी हे मूळचे काही नसून वरून चढविलेले असते, असे ज्यांना शिकविले गेले, त्यांनी वरचे काढून टाकले, इतकेच.

१९९१ सालीच प्रसिद्ध झालेल्या युनिकोडने ‘इस्की’च्या १९८८च्या आवृत्तीवरून देवनागरीची मांडणी उचलली. सामान्य वापरात ती आली मात्र ‘विंडोज २०००’पासून, आणि तिच्याबरोबर आला ‘मंगल’ हा टंक. तो घडविणारे र. कृ. जोशी हे सुलेखनकार, तसेच मराठीत दृश्य-कविता लिहिणारे कवी. ज्यांच्या कवितेत अक्षराची आकृती हाच आशय होता, त्यांनीच आकृतीला दुय्यम मानणाऱ्या संकेताला रूप दिले! आपल्या समीक्षेने या घटनेची दखल घ्यावयास हवी. ध्वनी साठवा म्हटले तरी वाचक शेवटी रूपच वाचतो, आणि ते रूप कोणी तरी रेखाटावेच लागते.

शिवाय ध्वनीचे उत्तरही निर्दोष नव्हते. ‘आचार्यास’ म्हणजे गुरूला आणि ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्याला, हा भेद मराठी लेखन रफार आणि अर्धचंद्राकृती ‘र’ यांनी दाखविते. तो सांभाळण्यासाठी युनिकोडला द्राविडी भाषांतील ‘ऱ’चा आधार घ्यावा लागला, शिवाय साध्या ‘र’ला अदृश्य जोडचिन्ह लावून तीच आकृती साधण्याचा दुसरा मार्गही खुला राहिला. परिणामी डोळ्यांना तंतोतंत सारखे दिसणारे दोन ‘आचाऱ्यास’ यंत्राला भिन्न वाटतात. ‘ॲ’ या स्वराला स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली. मोडीला युनिकोडमध्ये प्रवेश मिळाला तो २०१४ साली, छापखान्यातून ती गेल्यानंतर पुष्कळ वर्षांनी.

या साऱ्याचा पाठचिकित्सेशी थेट संबंध आहे. १९९० ते २००५ या दरम्यानच्या कितीतरी कथा-कादंबऱ्यांच्या, नियतकालिकांच्या मुद्रणप्रती तुकड्यांच्या फॉन्टमध्ये आहेत. त्या युनिकोडमध्ये आणणारे परिवर्तक उपलब्ध आहेत, पण रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरे यांवर ते नेमके अडखळतात. हस्तलिखितांच्या लेखनिकांचे प्रमाद वर्गवार मांडण्याची पद्धत आपल्याकडे आहे. परिवर्तकाच्या प्रमादांची तशी मांडणी अद्याप व्हावयाची आहे. माझ्या स्वतःच्या प्रबंधाची फाइल अलीकडे उघडली, तर पडद्यावर रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांची रास उमटली. परिवर्तकातून काढल्यावर मजकूर परत आला, पण ‘दऱ्या’ सर्वत्र ‘दर्या’ झाल्या होत्या. छापील प्रत जवळ होती म्हणून हे कळले.