राखेतून उरणारा माणूस : पवनार, वाकाटक आणि दग्ध अस्थींची विद्या

१/ वर्ध्याजवळ धाम नदीच्या काठी पवनार आहे. १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठाने शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांच्या नेतृत्वाखाली येथे उत्खनन केले. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्या मते वाकाटक नृपती द्वितीय प्रवरसेनाचे प्रवरपूर ते हेच. या मतावर वाद आहे; मात्र येथील वाकाटककालीन शिल्पांवर नाही. मग ती शिल्पे पाहणारी माणसे कोठे गेली?

२/ प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत दोनशेहून अधिक दफने मिळाली. त्यामुळे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या तेथील लोकांचे दात, आजार, बालमृत्यू यांविषयी बरेच सांगता येते. त्यानंतर कितीतरी शतकांनी आलेल्या वाकाटकांच्या प्रजेविषयी तसे सांगता येत नाही. तसा अस्थिसंग्रहच हाती नाही.

३/ मधल्या काळात विदर्भात शिलावर्तुळे उभारणारे लोहयुगीन लोक होऊन गेले. नागपूरजवळच्या जुनापाणीची वर्तुळे रिव्हेट-कार्नॅक यांनी १८६७ मध्ये खणली. वर्धा जिल्ह्यातील खैरवाडा हेही याच संस्कृतीचे स्थळ. या वर्तुळांत लोखंडी हत्यारे, मृद्भांडी, माहुरझरीसारख्या ठिकाणी घोड्यांचे अवशेषही मिळतात. मानवी हाडे मात्र बहुधा थोडी, तुटकी आणि विस्कळीत.

४/ पुढे दहनाची रूढी सर्वत्र पसरली आणि हाडे जवळजवळ दिसेनाशी झाली. तरीही अग्नी हाड संपवत नाही. प्रौढ व्यक्तीच्या दहनानंतर साधारण दीड ते तीन किलो अस्थी उरतात. आपल्याकडे तिसऱ्या दिवशी ‘सावडायला’ जातात ते या अस्थी वेचण्यासाठीच.

५/ आश्वलायन गृह्यसूत्रात या अस्थिसंचयनाचा विधी आहे. अंगठा आणि अनामिका यांनी, आवाज न होऊ देता, एकेक हाड उचलावे. आरंभ पायांपासून करावा, मस्तक शेवटी. अस्थी कुंभात भरून तो खड्ड्यात ठेवावा आणि वर झाकण घालावे. म्हणजे या विधीत अस्थी पाण्यात नव्हे, मातीत जातात.

६/ पुरातत्त्वज्ञासाठी हा तपशील मोलाचा आहे. अस्थिकुंभ मिळाला की तो जागेवर उपसत नाहीत. पट्ट्या गुंडाळून अखंड प्रयोगशाळेत नेतात आणि दोन-दोन सेंटिमीटरच्या थरांनी रिकामा करतात. तळाशी पायाची हाडे आणि वर कवटीचे तुकडे निघाले, तर हाडे कोणत्या क्रमाने भरली हे कळते. सूत्रातील नियम प्रत्यक्षात पाळला जाई की नाही, हे अशा कुंभातूनच तपासता येईल.

७/ या विद्येचे शिक्षण चाळणीपासून सुरू होते. माती धुऊन १०, ५ आणि २ मिलिमीटरच्या चाळण्यांतून काढायची, तुकडे कवटी, दात, धड, हातपाय असे लावायचे आणि प्रत्येक गट तोलायचा. एकाच अवयवाचा तोच भाग दोनदा आला, तर माणसे किमान दोन.

८/ मग रंग. तपकिरी-काळे हाड कमी तापलेले, राखाडी त्याहून अधिक, पांढरे बहुधा ६००-७०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेलेले. पण मातीतील मँगनीजनेही हाड काळे पडते. ‘काळे म्हणजे जळलेले’ ही नवशिक्याची हमखास चूक.

९/ मग भेगा. मांसासह जळलेले हाड वाकते आणि त्यावर कमानदार आडव्या भेगा पडतात. आधीच सुकलेल्या हाडात हे फार कमी दिसते. दातांवरील एनॅमल तडकून उडते, मुळे टिकतात. कानामागचे घट्ट शंखास्थीचे हाड बहुतेकदा वाचते. तीव्र उष्णतेने हाड आकसते, म्हणून नुसत्या मापावरून स्त्री-पुरुष ठरवणे धोक्याचे.

१०/ न्यायवैद्यक तज्ज्ञापुढेही हेच प्रश्न असतात : हाड माणसाचे की जनावराचे? किती जणांचे? वय काय? पूर्ण जळलेल्या हाडात डीएनए सहसा टिकत नाही, त्यामुळे डोळा आणि हात तयार असावेच लागतात. पुराव्याचा तुकडा ‘राख’ म्हणून फेकला गेला, तर न्यायालयात पुढे काही उरत नाही.

११/ असे फेकणे इतिहासातही घडले आहे. इंग्लंडमधील स्टोनहेंज येथील दग्ध अस्थी १९२०च्या दशकात खणून काढल्या गेल्या आणि निरुपयोगी समजून १९३५ मध्ये एकाच खड्ड्यात पुन्हा पुरल्या गेल्या. २००८ मध्ये त्या बाहेर काढल्या. २०१८ मध्ये २५ व्यक्तींच्या हाडांतील स्ट्रॉन्शियम तपासले, तेव्हा त्यांपैकी किमान १० जण आयुष्याच्या अखेरच्या काळात त्या परिसरात राहत नव्हते असे दिसले. पूर्ण जळलेल्या हाडात हा रासायनिक ठसा टिकतो आणि आता त्याचे कार्बन-कालमापनही करता येते.

१२/ अर्थात नदीत गेलेले परत येत नाही. १९४८ मध्ये महात्मा गांधींच्या रक्षेचा अंश पवनारलाच धाम नदीत विसर्जित झाला. तेथील गांधी छत्री त्याची खूण आहे. गांधींविषयी आपल्याकडे भरपूर कागद आहेत. पाचव्या शतकातील पवनारच्या कुंभाराविषयी, त्याच्या पत्नीविषयी कागद नाही, ताम्रपट नाही. ताम्रपट दान घेणाऱ्यांना मिळत.

१३/ विदर्भातील उत्खननात उतरणाऱ्या तरुण मित्रांनी म्हणून एक ध्यानात ठेवावे. खड्ड्यात राखेसोबत खडूसारखे पांढरे, तडकलेले, हलके तुकडे दिसले, तर फावडे थांबवा. छायाचित्र घ्या, माती वेगळ्या पिशवीत भरा, अस्थितज्ज्ञाला बोलवा. त्या ओंजळभर तुकड्यांत कदाचित त्या कुंभाराचे वय असेल आणि तो कोणत्या गावचे पाणी प्यायला याचा पत्ताही. (समाप्त)