रस्ता खालून खचतो
दर पावसाळ्यात पेव्हर ब्लॉक खचतात आणि आपण ब्लॉकला शिव्या घालतो. बहुतेक वेळा दोष खालच्या मातीचा असतो. हे २०० वर्षांपूर्वीच कळलंय!

१८१६ साली ब्रिस्टलचे रस्ते स्कॉटलंडच्या जॉन मॅकॅडमकडे आले. त्याचं म्हणणं साधं होतं: गाडीचं वजन शेवटी जमीनच पेलते, आणि कोरडी असेल तोवरच पेलते. म्हणून त्याने रस्ता थोडा उंच घेतला, पाण्याला उतार दिला, वर बारीक खडी दाबून बसवली. आपल्या टेंडरमधलं ‘वॉटर बाउंड मॅकॅडम’ त्याच्याच नावाचं. नाव टिकलं, कोरडी जमीन विसरलो.

मंडळी, सोसायटीत ब्लॉक बसवण्याआधी विचारा: पाणी कुठून जाणार? रोलर फिरला का? एकदा ब्लॉक बसले की खालचं काही दिसत नाही, बिल मात्र निघतं.