कान शिकतो तेव्हा

वर्गात तंबोरा आणून केवळ खर्जाची तार छेडली आणि ‘किती स्वर ऐकू आले?’ असे विचारले, तर बहुतेक विद्यार्थी ‘एक’ असेच सांगतील. गवयाला मात्र त्याच तारेतून गांधारही ऐकू येतो. तो न छेडता उमटतो, म्हणून त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. कान दोघांचेही सारखेच. मग हा फरक कशामुळे?

तार एकाच वेळी अनेक प्रकारे कंप पावते. मूळ स्वराची वारंवारता १०० हर्ट्झ असेल, तर २००, ३००, ४००, ५०० हर्ट्झचे अधिस्वरही सोबत निघतात. ३०० हा वरच्या सप्तकातील पंचम, तर ५०० हा त्याच्याही वरच्या सप्तकातील गांधार. मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने असे स्वर तारेतून ऐकल्याची नोंद १६३६ मध्ये केली होती.

विद्युतधारेच्या नियमामुळे आपल्या परिचयाच्या असलेल्या ओहमने १८४३ मध्ये असे मांडले, की कान मिश्र ध्वनीचे पृथक्करण करतो आणि त्यातला प्रत्येक साधा स्वर वेगळा ओळखतो. सीबेकला हे पटले नाही. भोके पाडलेल्या फिरत्या तबकडीवर हवेचा झोत सोडून त्याने स्वर निर्माण केले होते. गणिताप्रमाणे ज्यात मूळ स्वर क्षीण असायला हवा, तेथेही तो कानाला ठळक ऐकू येई. ओहमने हा कानाचा भ्रम ठरवला. सीबेकचे म्हणणे असे, की स्वर कशाला म्हणायचे हे कानाने नाही तर कोणी ठरवायचे?

वैद्यकातून भौतिकीकडे वळलेल्या हेल्महोल्ट्झने यावर साधेच उपकरण योजले. काचेचा किंवा पितळेचा पोकळ गोल घ्यायचा. त्याचे एक तोंड उघडे, दुसरे निमुळते टोक लाखेने कानात घट्ट बसवायचे. आतील हवा एकाच वारंवारतेला अनुस्पंदन करते. त्यामुळे ध्वनीत तेवढा स्वर असेल तर तो कानात घुमतो. १८६३ च्या ग्रंथात त्याने कानाला वळण लावण्याची रीतही सांगितली. हवा असलेला अधिस्वर आधी एकटा, हळू वाजवायचा आणि लगेच मूळ स्वर. लक्ष त्या जागी टिकले की अधिस्वर वेगळा ऐकू येतो. सवयीने गोलाची गरज उरत नाही. उणीव कानात नसते, अवधानात असते.

ओहमची सरशी झाली असे वाटले. परंतु १९४० मध्ये शाउटेन या डच शास्त्रज्ञाने दाखवले, की मूळ स्वर काढून टाकला तरी उरलेल्या अधिस्वरांवरून कानाला तोच स्वर जाणवतो. जुन्या टेलिफोनमधून सुमारे ३०० हर्ट्झखालचे ध्वनी जवळजवळ येतच नसत, तरी पुरुषाचा आवाज आपल्याला खालच्याच पट्टीत ऐकू येई. म्हणजे सीबेकचे निरीक्षणही खरेच होते.

आज ध्वनिमिश्रण शिकणारा तंत्रज्ञ एक अरुंद वारंवारतापट्टा मुद्दाम वाढवतो, तो खालीवर सरकवत ऐकतो आणि मग पूर्ववत करून तोच भाग शोधतो. हेल्महोल्ट्झच्या गोलाचेच काम तो बटणाने करतो.

वर्गात रिकामी बाटली कानाशी धरा, पाणी ओतत जा आणि कोणता स्वर घुमतो ते ऐका. नंतर तीच मुले पुन्हा तंबोऱ्याशी बसवा. आधी गळ्यातून हळूच गांधार लावा, मग तार छेडा. या वेळी उत्तर ‘एक’ येते का, ते पाहण्याजोगे आहे.